तुम्ही पाहिलेलं आणि ग्रुपने दाखवलेलं

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गातला एक मुलगा नऊ दिवसांपासून बेपत्ता आहे. सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. घर जवळ असल्यामुळे तो चालतच जायचा. त्या दिवशी घरी पोचलाच नाही. पोलिसांनी कॅमेरे बघितले, विहिरी आणि कॅनॉल शोधले, अजून पत्ता नाही. आमच्या ‘तिसरी ब पालक’ ग्रुपवर दुसरा विषय नाही. त्याची आई सावत्र आहे, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. टीव्हीवाल्यांसमोर ती रडली नाही म्हणून सगळे तिच्यावर घसरलेत. तिचे जुने स्टेटस आणि फोटो फिरतायत. एका पालकाने पोलिसातल्या मेव्हण्याची म्हणून ऑडिओ क्लिप टाकली, त्यात ‘घरातलंच प्रकरण आहे’ असं म्हटलंय. मीसुद्धा ती बहिणीला आणि माहेरच्या ग्रुपवर पाठवली. काहींचं म्हणणं, गेटबाहेर बुढ्ढी के बाल विकणारा माणूस त्या दिवसापासून दिसत नाही. परवा तीन-चार वडील मंडळी त्याच्या पालावर जाऊन ‘विचारपूस’ करून आली.

मी त्या मुलाला त्या दिवशी बघितलं होतं. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानापाशी खाली बसून बुटाची नाडी बांधत होता, एकटाच. ग्रुपवर हे सांगितल्यावर सगळे विचारायला लागले, बाजूला कुणी बाई होती का? आता मला आठवतंय की हिरव्या साडीतली एक बाई उभी होती.

ती सावत्र आई रोज शाळा सुटायच्या वेळी गेटवर येऊन उभी राहते. मी मान खाली घालून निघून येते. मुलगी रात्री दचकून उठते, विचारते, ‘त्याला त्याच्या आईने मारलं का?’ मी काय करू? ग्रुप सोडू का?

— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येते, पण त्याआधी एक प्रश्न माझा. तुम्ही त्या मुलाला पाहिलंत हे पोलिसांना सांगितलंत का? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ग्रुपवर सांगितल्याचं आहे, पोलिसांचं नाव कुठेच नाही. शाळा सुटल्यावर त्याला पाहणाऱ्या मोजक्या माणसांत तुम्ही असाल, आणि तुमची साक्ष इतके दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर पडून आहे.

हे वाचून झालं की फोन हातात घ्या आणि ग्रुपवर मागे जा, त्या संध्याकाळपर्यंत. तुमचा पहिला मेसेज शोधा. मला जवळजवळ खात्री आहे की त्यात हिरवी साडी नसेल. त्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग त्यापुढे लोकांनी काय काय विचारलं ते वाचा. ‘कुणी बाई होती का?’ हा प्रश्न आधी आला आणि बाई नंतर आली, हा क्रम तुमच्याच फोनमध्ये सापडेल.

तुम्ही खोटं बोलताय असं मी अजिबात म्हणत नाही. आठवण अशीच वागते. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये यावर प्रयोग केला होता. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा किती होता? ‘आदळल्या’ ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’वाल्यांपैकी जास्त जणांना ती दिसल्याचं आठवत होतं. एका खोलीत, परक्या माणसाने, एकदाच विचारलेल्या प्रश्नाने एवढं होतं. तुम्हाला तर ओळखीची चाळीस माणसं दिवसरात्र तेच विचारतायत, आणि त्या सगळ्यांच्या मनात एकच बाई आहे.

तेव्हा एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. तो नेमका कुठे बसला होता, दुकानाच्या पायरीवर की रस्त्याच्या कडेला. दप्तर पाठीवर होतं की खाली ठेवलेलं. पाण्याची बाटली गळ्यात होती का. तोंड कुठल्या दिशेला होतं. तुम्ही त्या दुकानातून किंवा शेजारच्या गाड्यावरून काही घेतलं असेल आणि पैसे फोनवरून दिले असतील, तर मिनिटासकट वेळ फोनमध्ये आहे. तपासात हे सोनं असतं, कारण माणसं ‘बारा-साडेबाराच्या सुमारास’ असंच सांगतात. उजव्या बाजूला लिहा, नंतर आठवलेलं. हिरवी साडी तिकडे. हा कागद आणि स्क्रीनशॉट घेऊन तपास अधिकाऱ्यांना भेटा आणि दोन्ही बाजू जशाच्या तशा सांगा: आधी एकटा वाटला होता, बाई ग्रुपवरच्या चर्चेनंतर आठवली, मला खात्री नाही. कुणी सांगेल, आता बाईचं काढूच नका, उगाच घोळ होईल. तसंही करू नका. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं त्यांचं काम.

ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, त्यांनी घरी यायला हवं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये आहे. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सहीसुद्धा करावी लागत नाही. मुलगी तेव्हा तुमच्यासोबत असेल तर तेही सांगा, पण घरी बसवून तिची उलटतपासणी घेऊ नका. तिची आठवण तुमच्यापेक्षा लवकर वाकते.

एक काम ग्रुपलाही देता येईल. शाळेपासून त्याच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर जेवढी दुकानं, दवाखाने, बंगले आहेत त्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण कायम राहत नाही. बऱ्याच डीव्हीआरमध्ये पंधरा दिवस ते महिनाभराचं साठतं, मग नवं जुन्यावर चढतं. नऊ दिवस गेलेत. पोलिसांनी बहुधा मुख्य चौकातलं घेतलंय, गल्लीबोळातलं राहून जातं. दोघा-तिघांनी दुकानदारांना भेटून ‘पुसू देऊ नका’ एवढं सांगायचं आणि यादी पोलिसांना द्यायची. चित्रण स्वतः बघत बसायचं नाही, ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही.

आता त्या पालावरच्या विचारपुशीबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला.

1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीच पसरलेले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत पोट भरणारे. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच पाचही जणांचा जीव घेतला. त्यातल्या एकानेही कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. त्याच दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ आठवतोय? मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघं? तो कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेला होता. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. पुढे पाठवणाऱ्यांनी तो शेवट कापला होता. त्या जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, तीही इतकी माणसं मेल्यावर.

तुमच्या गावातली ती मंडळी विचारपूसच करून आली असतील. पण दुसऱ्या खेपेला चारचे चौदा होतात, आणि चौदांत एक तरी प्यालेला असतो. गेटवर धंदा करणाऱ्या माणसावर चाळीस घरांचा संशय आहे हे त्याला कळलं असेल, तर तो दिसत नाही यात नवल ते काय? त्या मंडळींपैकी ज्यांच्या घरी तुमचं जाणं-येणं आहे त्यांच्याशी आजच बोला, त्यांच्या बायकांशी बोललात तर आणखी बरं. आणि पोलिसांकडे जाल तेव्हा लोक पालावर जातायत हेही कानावर घाला. पुन्हा कुणी निघालं असं कळलं तर 112 लावा.

गेटवरचा गरीब माणूस आपल्याला पटकन का पटतो, याचं दुसरं उदाहरण गुरुग्रामचं. 8 सप्टेंबर 2017 रोजी तिथल्या एका मोठ्या खासगी शाळेत दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलाचा स्वच्छतागृहात खून झाला. त्याच दिवशी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला गेला. कॅमेऱ्यांसमोर त्याने कबुलीही दिली. अख्ख्या देशाने ती पाहिली, वकिलांच्या एका स्थानिक संघटनेने त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं, फाशीच्या मागण्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. कंडक्टरविरुद्ध काही सापडलं नाही आणि 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला आरोपातून मुक्त केलं. कबुली मारहाण करून घेतली, असं त्याने बाहेर आल्यावर सांगितलं. तिथे तर पोलिसांनी माणूस धरला होता, टीव्हीवर त्याचं तोंड होतं, कबुली होती. तुमच्याकडे मेव्हण्याची क्लिप आहे. (महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालक ग्रुपमध्ये कुणाचा ना कुणाचा मेव्हणा पोलिसात असतोच. खरंच तपासात असलेला मेव्हणा अशी क्लिप करत नाही, त्याला नोकरी प्यारी असते.)

राहता राहिली ती आई.

सावत्र आई म्हटली की आपलं अर्धं आरोपपत्र तयार असतं. उरलेलं अर्धं ती कशी वागते त्यावरून भरतो. रडली तर नाटक, नाही रडली तर दगड. रोज गेटवर येते तर दाखवायला येते, नसती आली तर तिला काही पडलेलंच नाही. यातून सुटायची वाट तिला आहे का, सांगा बरं. नऊ दिवस झोप नसलेलं माणूस कॅमेऱ्यासमोर कसंही दिसतं. काहींचं रडणं पहिल्या रात्रीच आटतं.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातली गोष्ट सांगते. नावं घेत नाही, त्या मुलाचं आणि त्या घराचं नाव जगभर पुरेसं चघळून झालंय. 4 जून 2010. शाळेत विज्ञान प्रदर्शन. दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलाला सावत्र आईने सकाळी शाळेत आणलं, लाल डोळ्यांच्या बेडकावर त्याने केलेल्या प्रकल्पासमोर उभं करून त्याचा फोटो काढला. वर्गात तो गैरहजर लागला. घरी कुणाला कळवलं गेलं नाही. दुपारी स्कूल बसमधून तो उतरला नाही तेव्हा धावाधाव सुरू झाली, तोवर अख्खी शाळा भरून सुटली होती. ऑरेगन राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी शोधमोहीम झाली. संशय गेला सावत्र आईवर, लोकांचा गेला, मुलाच्या घरच्यांचाही गेला. तिचे फोन, तिच्या मैत्रिणी, तिचं जुनं आयुष्य, सगळं चव्हाट्यावर आलं. पंधरा वर्षं उलटली. मूल सापडलेलं नाही आणि कुणावर आजवर आरोप ठेवला गेलेला नाही. एवढ्या वर्षांच्या एवढ्या तर्कांनी तपास तसूभर पुढे सरकला नाही. त्या सगळ्यातून कामाची निघते ती एवढीच साधी गोष्ट: गैरहजेरीचा फोन सकाळीच घरी जायला हवा होता. तुमच्या शाळेत पहिल्या तासाला गैरहजर मुलाच्या घरी फोन जातो का? आणि सुटताना तिसरीतलं मूल कुणाच्या हाती सोडतात? ग्रुपने शाळेला धारेवर धरायचं असेल तर यावर धरा.

सावत्र आईवरच संशय का बसतो, यावर माझं एक मत आहे, कडू वाटेल. गुन्हेगार त्यांच्या घरातला निघाला की आपलं घर सुरक्षित ठरतं. आपण सख्ख्या आया, आपल्या मुलांना काय होणार? पण तिसरीतलं मूल कोणाबरोबर तरी गेलं असेल, चुकलं असेल, किंवा रागावून आपल्या पायांनी निघून गेलं असेल, यातलं काहीही आपल्याही मुलाचं होऊ शकतं, आणि ते मनात धरून झोपणं फार अवघड. म्हणून हिरवी साडी बरी वाटते. पोलिसांना घरातल्यांवर संशय असेल तर ते त्यांना विचारतीलच, अशा प्रकरणात घरच्यांनाच आधी विचारतात. त्यासाठी ग्रुपने तिच्या जुन्या स्टेटसचं पारायण करायची गरज नाही.

मुलं आपल्या पायांनी जातात, हे मी सहज म्हटलं नाही. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान स्टेशनांवर एकट्या फिरणाऱ्या मुलांना हेरून बालकल्याण समितीकडे पोचवतात, महाराष्ट्र पोलीसही ‘ऑपरेशन मुस्कान’मध्ये हरवलेली मुलं शोधून घरी आणतात. म्हणून पोलिसांनी काढलेलं पत्रक, त्यातला फोटो आणि नंबर जेवढा लांब जाईल तेवढा बरा. ‘तिसरी ब’मध्ये पन्नासाव्यांदा टाकून उपयोग नाही, तिथल्या सगळ्यांनी त्याला पाहिलेलंच आहे. मिरज जंक्शनजवळ राहणारी आत्या, कोल्हापूर डेपोतला भाऊ, पंढरपूरला दुकान असलेले ओळखीचे, त्यांना पाठवा. कुणाला एकटं मूल दिसलं तर 1098, मुलांसाठीची मदतवाहिनी. आणि मूल सापडलं की तोच फोटो सगळ्यांनी पुसायचा. हरवलेलं मूल बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख, शाळा, पत्ता, फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी शोधासाठी काढलेलं पत्रक ठीक. त्याच्या घराचे, आईचे, सख्ख्या आईच्या तसबिरीचे फोटो बसत नाहीत त्यात.

तुम्ही पाठवलेली क्लिप आता मागे घेता येणार नाही, वेळ निघून गेली. पण बहिणीला आणि माहेरच्या ग्रुपला एवढं लिहू शकता: ‘मी पाठवलेली क्लिप कुणाची आहे ते मला माहीत नाही. पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर त्यांनाही सांगा.’ वर स्पष्टीकरणाचा निबंध नको. एखादी वहिनी टोमणा मारेल, मारू दे.

मुलीचं. ‘त्याला त्याच्या आईने मारलं का’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आपलं आपण उगवत नाही. क्लिप स्वयंपाक करताना स्पीकरवर ऐकता ना? ते आधी बंद. मग तिलाच विचारा, तू काय काय ऐकलंस? शाळेत काय म्हणतात? ती सांगेल तेवढं ऐकून घ्या आणि खरं ते सांगा: तो कुठे आहे ते अजून कुणाला माहीत नाही, पोलीस शोधतायत, कुणी मारलं असं कुणालाही माहीत नाही, लोक भीतीने बोलतात. ‘तो मामाकडे गेलाय’ असली थाप मारू नका, तिला कळेल आणि मग तुमचं काहीच खरं वाटणार नाही. तुझ्यासाठी गेटवर मी किंवा आजोबा येणार, आणखी कुणी म्हटलं ‘आईने पाठवलंय’ तरी जायचं नाही, हे दिवसा, गप्पांच्या ओघात सांगा. झोपायच्या वेळी नको. त्याच्या रिकाम्या जागेबद्दल बाई वर्गात काही बोलल्यात का तेही विचारा, नसतील तर त्यांना विनंती करा. दोन-तीन आठवड्यांनीही दचकणं थांबलं नाही तर 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

आणि गेट. उद्या तिच्याजवळ जा. काय बोलू, असं म्हणाल. ‘वहिनी, मी अमुकची आई. मी त्याला त्या दिवशी पाहिलं होतं, पोलिसांना सगळं सांगितलंय.’ हे वाक्य खरं असायला हवं, म्हणजे पोलिसांकडे आधी जाऊन या. साडीचं तिच्याशी काढू नका. घरी किती माणसं आहेत, सकाळचा डबा पाठवू का, विचारा. ती बोलली नाही तर आग्रह नको. दोन मिनिटं उभ्या राहा आणि मुलीला घेऊन निघा. इतर आया बघतील, बघू देत.

ग्रुप सोडू नका. तुम्ही सोडलात तर तिथे कुणी पालावर निघालं हे तुम्हाला कळणार नाही, आणि गृहपाठही तिथेच येतो. अ‍ॅडमिन कोण आहे ते बघा. वर्गशिक्षिका असतील तर त्यांना, नाहीतर जो कोणी असेल त्याला फोन करा, मेसेज नको. काही दिवस फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करायला सांगा. ऐकलं नाही तर पोलिसांकडे जाल तेव्हा त्यांनाच सांगा, ठाण्यातून एक फोन आला की अ‍ॅडमिन पाच मिनिटांत ते बटण शोधून काढतो.